लिनक्सवर रिअलटाइम ऑडिओ आणि क्लोज्ड ग्राफिक्स ड्रायव्हर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर रेकॉर्डिंग करणाऱ्या मंडळींचे हे तेच ते प्रश्न आहेत आणि त्यातले निम्मे फिरून फिरून ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियापाशी आणि तिच्या क्लोज्ड, म्हणजे ज्याचा कोड बाहेरच्यांना बघता येत नाही अशा, ड्रायव्हरपाशीच येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे दिलीयत, टर्मिनलमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरा.

ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं, त्याचा आवाजाशी काय संबंध?

दोघांचं काम एकाच सीपीयूवर आणि एकाच कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) चालतं, हा संबंध. ४८ किलोहर्ट्झला १२८ फ्रेमचा बफर (दर फेरीला उचलायचा आवाजाचा तुकडा) लावला तर ऑडिओ थ्रेडला, म्हणजे आवाजाचं काम करणाऱ्या धाग्याला, दर फेरीला २.६७ मिलिसेकंद मिळतात, ६४ फ्रेम लावले तर फक्त १.३३. तेवढ्यात त्याने जागं व्हायचं, माइकचे सॅम्पल उचलायचे, सगळ्या प्लगइनमधून फिरवायचे आणि पुढचा बफर तयार करून द्यायचा. उशीर झाला की एक्सरन, म्हणजे स्पीकरमधून टक् किंवा चर्र, आणि रेकॉर्डिंग चालू असेल तर तो आवाज टेकमध्ये कायमचा बसतो.

बरेच जण सीपीयू मीटर बघतात, ते १५ टक्के दाखवतं आणि मग म्हणतात मशीन तर रिकामंच आहे. सरासरीला इथे काही किंमत नाही, जी काही किंमत आहे ती सगळ्यात वाईट फेरीला. तबलजीने अख्खं आवर्तन सुरेख वाजवलं आणि समेवर उशिरा आला तर आधीच्या मात्रा कितीही चांगल्या पडल्या असोत, ऐकणाऱ्याला चुकलेली समच लक्षात राहते, तसंच हे. हजारो फेऱ्या वेळेत झाल्या आणि एक चुकली तरी टेक गेला. ग्राफिक्स ड्रायव्हर हा कर्नलमध्ये चालणाऱ्या सगळ्यात मोठ्या आणि गुंतागुंतीच्या कोडपैकी एक असतो, त्यामुळे ती एक फेरी चुकवायची ताकद त्याच्याकडे पुरेपूर असते.

पण ड्रायव्हर नक्की करतो काय?

कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि बऱ्याचदा दोन-तीन एकत्र येतात.

पहिलं कारण, कर्नलमधला कोड काही कामं इंटरप्ट (हार्डवेअरने सीपीयूला मारलेली हाक) बंद करून किंवा प्रीएम्प्शन (चालू काम थांबवून महत्त्वाचं काम आधी घेणं) बंद करून करतो. हे सगळेच ड्रायव्हर करतात, पण ते काही मायक्रोसेकंदात उरकायचं असतं. एखाद्या ड्रायव्हरने त्या अवस्थेत दोन मिलिसेकंद काढले तर तुमच्या ऑडिओ थ्रेडची प्रायॉरिटी ८० असो नाहीतर ९५, त्या कोअरवर कर्नल त्याला चालवूच शकत नाही.

दुसरं कारण कॅशेचं. एक्स८६ प्रोसेसरमध्ये डब्ल्यूबीआयएनव्हीडी नावाचं इन्स्ट्रक्शन आहे, ते सगळी कॅशे मेमरीत लिहून रिकामी करतं आणि ते अर्धवट असताना मध्ये कोणालाही येता येत नाही, कॅशे मोठी असेल तर हा वेळ मिलिसेकंदात जाऊ शकतो. रिअलटाइमवाल्यांमध्ये, म्हणजे ज्यांचं काम ठरल्या वेळेतच व्हावं लागतं त्यांच्यात, ऑडिओवालेच नाही तर लिनक्सवरून मिलिंग मशीन आणि लेथ चालवणारे सुद्धा, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि हे इन्स्ट्रक्शन ही जुनी तक्रार आहे. यावर कर्नलचं कुठलंच सेटिंग चालत नाही, कारण प्रोसेसरच थांबलेला असतो.

तिसरं पॉवर. कार्ड रिकामं असलं की घड्याळ (क्लॉक, म्हणजे चालायचा वेग) खाली आणतं, काम आलं की वर नेतं, लॅपटॉपमध्ये तर पूर्ण झोपतं आणि परत उठतं. या उठण्या-झोपण्यात कर्नलमध्ये बरीच धावपळ होते. तुमचा एक्सरन बरोबर तेव्हा येत असेल जेव्हा तुम्ही बराच वेळ माउस न हलवता अचानक विंडो उघडता, तर संशय इथे घ्या.

चौथं म्हणजे इंटरप्ट कुठल्या कोअरवर जातो. ग्राफिक्सचा आणि यूएसबी कंट्रोलरचा इंटरप्ट एकाच कोअरवर आला आणि ग्राफिक्सवाल्याचा हँडलर लांबला तर यूएसबी ऑडिओ इंटरफेसचा डेटा तिथेच खोळंबतो. आणि पाचवं अगदी साधं, कर्नलचा दोषच नाही, डॉच्या (डीएडब्ल्यू, म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) इंटरफेसमध्येच जड चित्रकाम चाललंय, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मग फक्त क्लोज्ड ड्रायव्हरलाच का दोष द्यायचा, ओपनवाले कधी अडत नाहीत का?

अडतात की. इंटेलच्या ओपन ड्रायव्हरमध्ये सुद्धा पूर्वी लेटन्सीच्या (उशीर होण्याच्या) कटकटी होत्या. फरक पुढे काय होतं यात आहे. ओपन ड्रायव्हरने दोन मिलिसेकंद खाल्ले तर कर्नलचा ट्रेसर लावता येतो, कुठल्या फंक्शनमध्ये वेळ गेला ते नावानिशी दिसतं, आणि तुम्हाला स्वतःला कोड येत नसला तरी तो ट्रेस बघून ड्रायव्हर लिहिणारा माणूस दुरुस्त करू शकतो. एनव्हिडियाच्या क्लोज्ड मॉड्यूलवर (कर्नलमध्ये लोड होणारा ड्रायव्हरचा भाग) तोच ट्रेसर लावला तर स्टॅकमध्ये अंडरस्कोर एनव्ही, मग सहा आकडी नंबर, मग आरएम अशी फंक्शनची नावं येतात. म्हणजे वेळ कुठे गेला ते कळतं, पण तिथे काय चाललं होतं ते कळत नाही, आणि ते बदलायचं तर कंपनीशिवाय कोणाच्या हातात नाही.

शिवाय असं मॉड्यूल लोड झालं की कर्नल स्वतःला टेंटेड म्हणून नोंद करतो, पी अक्षराची खूण लागते, आणि अशा मशीनवरून आलेला बग रिपोर्ट कर्नलवाले सहसा घेत नाहीत, ड्रायव्हर काढून परत करून दाखवा म्हणतात. मला त्यात काही गैर वाटत नाही, ज्या कोडच्या आत बघता येत नाही त्याची जबाबदारी ते कशी घेणार. २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टॉर्वाल्ड्सने एनव्हिडियाबद्दल कॅमेऱ्यासमोर जे हातवारे केले ते सगळ्यांना माहितीये, पण त्यामागची तक्रार हीच होती की कंपनी लिनक्सवाल्यांबरोबर काम करत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, एएमडी आणि इंटेलच्या कार्डांवर सुद्धा क्लोज्ड फर्मवेअर लोड होतं. पण ते कार्डाच्या आत चालतं. तुमच्या सीपीयूवर, कर्नलमध्ये जे चालतं ते ओपन आहे, आणि ऑडिओला अडवणारा भाग बहुतेक वेळा तोच असतो.

माझ्या मशीनवर दोष ड्रायव्हरचाच आहे हे कसं ओळखायचं?

आधी बाकीची कारणं बाजूला काढा, कारण ती जास्त वेळा निघतात. तुमच्या यूजरला रिअलटाइमची परवानगी आहे का बघा, म्हणजे लिमिट्सच्या फाइलमध्ये ऑडिओ ग्रुपला आरटीप्रायो ९५ आणि मेमलॉक अनलिमिटेड, आणि तुम्ही त्या ग्रुपमध्ये आहात का. सीपीयू गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारं सेटिंग) परफॉर्मन्सवर आहे का. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून टेस्ट करा, लाइट गेली की बरेच लॅपटॉप गुपचूप पॉवरसेव्हला जातात आणि माणूस प्लगइनला शिव्या देत बसतो. वायफाय बंद करून बघा. ऑडिओ इंटरफेस हबमधून काढून सरळ मशीनच्या पोर्टला लावा. हे सगळं एका झटक्यात तपासायचं तर आरटीसीक्यूएस नावाची स्क्रिप्ट आहे, ती चालवली की काय राहिलंय ते सांगते.

आता मोजणी. पाइपवायर (लिनक्सवर आवाज इकडून तिकडे नेणारी सर्व्हिस) वापरत असाल तर पीडब्ल्यू-टॉप चालू ठेवा, त्यात ईआरआर नावाचा कॉलम आहे तो वाढतोय का बघा. जॅक (तशीच जुनी सर्व्हिस) असेल तर एक्सरनचा काउंटर असतोच. एकच प्रोजेक्ट, एकच बफर, एकच गाणं, आणि तीन परिस्थिती: डेस्कटॉप पूर्ण बंद करून नुसत्या टेक्स्ट कन्सोलवरून, मग डेस्कटॉप चालू पण हात न लावता, मग डेस्कटॉपवर विंडो ओढत आणि यूट्यूब लावून. कन्सोलवर सुद्धा एक्सरन येत असतील तर दोष बहुधा दुसरीकडे आहे, आणि फक्त तिसऱ्यात येत असतील तर ग्राफिक्सच्या बाजूला शोधायचं.

यापेक्षा खोलात जायचं तर आरटी-टेस्ट्स पॅकेजमधलं सायक्लिकटेस्ट लावा, प्रायॉरिटी ८० द्या आणि शेजारी ग्राफिक्सचं काम चालू ठेवा. थ्रेड किती उशिरा जागा होतो ते हे मोजतं, त्यात ॲव्हरेजकडे बघू नका, मॅक्सकडे बघा. मॅक्स शंभरेक मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर ऑडिओसाठी मशीन छान आहे, हजारच्या वर उड्या मारायला लागला तर ६४ फ्रेमचं स्वप्न सोडा. त्याच पॅकेजमध्ये एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट आहे, ते नक्की चालवा, कारण बायोस स्वतः एसएमआय म्हणून एक इंटरप्ट मारतो आणि तेवढा वेळ अख्खं मशीन कर्नलच्या हातातून जातं, त्यात ना एनव्हिडियाचा दोष ना लिनक्सचा. आणि कर्नल नवा असेल तर आरटीएलए टाइमरलॅट, हे तर फारच उपयोगाचं, कारण लेटन्सी मोठी आली की ती कोणामुळे आली, कुठला इंटरप्ट, कुठला थ्रेड, याचा हिशोबच देतं.

शेवटची खात्री म्हणजे ड्रायव्हरशिवाय बूट. ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत मॉडप्रोब ब्लॅकलिस्टमध्ये एनव्हिडिया, एनव्हिडिया-डीआरएम आणि एनव्हिडिया-मोडसेट टाकायचे, मदरबोर्डच्या पोर्टवर स्क्रीन लावायचा आणि तीच टेस्ट परत. फरक पडला तर सापडलं, नाही पडला तर उगाच ड्रायव्हरला दोष देत होतात.

रिअलटाइम कर्नल टाकला आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर इन्स्टॉलच होईना, बेलिंग आउट म्हणून थांबतो.

ते मुद्दाम आहे. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये एक तपासणी आहे, कर्नल प्रीएम्प्ट-आरटीचा (म्हणजेच रिअलटाइमचा) दिसला की तो सांगतो रिअलटाइम कर्नलला आमचा सपोर्ट नाही आणि बाहेर पडतो. इग्नोर प्रीएम्प्ट आरटी प्रेझेन्स नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं की तपासणी टळते, सगळं कॅपिटलमध्ये, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर. डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बनवणारी सोय) बिल्ड होत असेल तर ते व्हेरिएबल त्या बिल्डपर्यंत पोचायला हवं, नुसतं तुमच्या टर्मिनलमध्ये लिहून सुडो मारलं तर मध्येच गळून जातं, इथे खूप जण अडकतात.

बिल्ड झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. आरटी कर्नलमध्ये साधे स्पिनलॉक (न झोपता वाट बघायला लावणारे लॉक) हे झोपू शकणारे लॉक बनतात, त्यामुळे जो कोड साध्या कर्नलवर बरोबर चालतो तो इथे नको त्या जागी झोपायला जातो आणि मशीन गोठू शकतं. काही जणांचं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं, काहींचं पहिल्याच सस्पेंडला लटकतं. आधी कधीकधी बिल्डच अडायचा, कारण आरटीमधली काही फंक्शनं फक्त जीपीएल (खुल्या लायसन्सच्या) मॉड्यूलनाच वापरता येतात आणि क्लोज्ड मॉड्यूलला कर्नल ती देत नाही. ज्या मशीनवर दुसऱ्याचं पैसे घेऊन रेकॉर्डिंग करता त्यावर हा प्रकार मी तरी करणार नाही.

रिअलटाइम कर्नल लागतोच का पण?

बहुतेकांना नाही. प्रीएम्प्ट-आरटीचं काम वीसेक वर्षं वेगळ्या पॅच म्हणून चालू होतं, थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार आणि बाकी मंडळींनी ते चिकाटीने पुढे नेलं, आणि नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ कर्नलमध्ये ते मुख्य कर्नलमध्येच आलं. गंमत म्हणजे त्या वीस वर्षांत त्यातले बरेचसे तुकडे साध्या कर्नलमध्ये आधीच येऊन बसले होते, म्हणून आजचा साधा कर्नल ऑडिओसाठी पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला आहे.

आधी हे करून बघा: ग्रबमधल्या बूटच्या ओळीत दोन शब्द टाका: एक प्रीएम्प्ट, बरोबरचं चिन्ह आणि फुल, मध्ये जागा न सोडता, आणि दुसरा थ्रेडआयआरक्यूज. पहिल्याने कर्नल जास्त ठिकाणी थांबवता येतो, दुसऱ्याने इंटरप्ट हँडलरचे थ्रेड होतात. हे थ्रेड सगळे प्रायॉरिटी ५० वर बसतात, ग्राफिक्सचा सुद्धा, मग आरटीआयआरक्यू नावाच्या स्क्रिप्टने साउंड आणि यूएसबीचे थ्रेड त्याच्या वर उचलायचे. एवढ्यावर १२८ फ्रेम शांतपणे चालत असेल तर थांबा आणि गाण्याकडे वळा. ६४ किंवा ३२ वर लाइव्ह वाजवायचं असेल, गिटारचा आवाज पूर्ण सॉफ्टवेअरमधून काढायचा असेल, तेव्हा आरटी कर्नलचा विचार करा. डेबियन आणि आर्च दोन्हीकडे तो तयार पॅकेज म्हणून मिळतो.

२०२२ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हर ओपन केला ना, मग प्रश्न मिटला की.

अर्धा मिटला. मे २०२२ मध्ये ५१५ सिरीजबरोबर त्यांनी कर्नल मॉड्यूलचा सोर्स एमआयटी आणि जीपीएल दोन्ही लायसन्सखाली खुला केला. तो ट्युरिंग आणि त्यानंतरच्या कार्डांवरच चालतो, म्हणजे जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स २०६० पासून पुढे, १०५० टीआयवाल्यांना त्याचा उपयोग नाही. ५६० सिरीजपासून, जिथे कार्ड चालतंय तिथे, ओपन मॉड्यूल हाच पहिला पर्याय झाला, आणि ब्लॅकवेल (आरटीएक्स ५० सिरीजच्या) कार्डांना तर फक्त ओपनच चालतं.

पण ओपनजीएल आणि व्हल्कन (चित्रकामासाठी), कुडा (कार्डावर हिशोब करून घेण्यासाठी) हा वरचा सगळा भाग अजून क्लोज्डच आहे. आणि हे शक्य झालं कारण बरंच काम कार्डावरच्या जीएसपी नावाच्या छोट्या प्रोसेसरमध्ये गेलं, त्याचं फर्मवेअर बंदच. ऑडिओच्या नजरेने बघितलं तर ही अदलाबदल मला चांगलीच वाटते: सीपीयूवर चालणारा भाग आता वाचता येतो, ट्रेसमध्ये खरी नावं दिसतात, आणि जीपीएल फंक्शनांची अडचण जाते. जीएसपीमुळे डेस्कटॉप अडखळतो अशा तक्रारी आल्या होत्या, तेव्हा लोक एनव्हीरेग इनेबल जीपीयू फर्मवेअर शून्य करून ते बंद करायचे, पण हा उपाय फक्त क्लोज्ड मॉड्यूलवर चालतो, ओपनवर जीएसपी लागतोच. तुमचं कार्ड ट्युरिंग किंवा नवं असेल आणि काम ऑडिओचं असेल तर ओपन मॉड्यूलच घ्या.

एनव्हिडिया सोडता येत नाही, व्हिडिओ एडिटिंगला रिझॉल्व्ह लागतं, गाण्यातला आवाज वेगळा काढायला कुडा लागतं. काय सेटिंग ठेवू?

सगळ्यात चांगला उपाय आधी. तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावा, बायोसमध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्स चालू करा, आणि एनव्हिडियाचं कार्ड फक्त हिशोबाच्या कामाला ठेवा. डेस्कटॉप, डॉ, प्लगइनच्या खिडक्या सगळं इंटेल किंवा एएमडीच्या ओपन ड्रायव्हरवर चालतं, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी एनव्हिडिया गप्प पडून राहतं. रिझॉल्व्ह उघडलं की कार्डाला काम. ही मांडणी इतकी सोपी आहे आणि इतक्या कमी लोकांना सुचते याचं मला नेहमी वाईट वाटतं, कारण लोक नवीन कार्ड घ्यायला निघालेले असतात आणि खरं तर एक केबल एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात लावायची असते. इथे एनव्हिडिया-पर्सिस्टन्सडी ही सर्व्हिस चालू ठेवा, नाहीतर कार्ड कोणी वापरत नसताना ड्रायव्हर सगळं आवरून ठेवतो आणि पुढच्या वेळी नुसतं एनव्हिडिया-एसएमआय मारलं तरी सगळं पहिल्यापासून सुरू करतो, तेही नेमकं रेकॉर्डिंग चालू असताना.

इंटिग्रेटेड नसेल आणि स्क्रीन एनव्हिडियावरच असेल तर घड्याळाची वर-खाली थांबवा. एनव्हिडिया-सेटिंग्जमध्ये पॉवरमायझरखाली प्रिफर मॅक्सिमम परफॉर्मन्स, किंवा एनव्हिडिया-एसएमआयमधून क्लॉक लॉक करा. पंखा वाजेल, माइक त्याच खोलीत असेल तर मशीन लांब ठेवा. डेस्कटॉपचे ॲनिमेशन आणि ब्लर बंद. दर सेकंदाला कार्डाचं तापमान दाखवणारे ते गोंडस विजेट काढून टाका, प्रत्येक वेळी ते ड्रायव्हरला जाऊन विचारतात. आणि प्रोक इंटरप्ट्स फाइल उघडून बघा, ग्राफिक्स आणि यूएसबी एकाच कोअरवर येत असतील तर एकाला दुसऱ्या कोअरवर हलवा, आयआरक्यूबॅलन्स चालू असेल तर तो परत फिरवू शकतो हे लक्षात ठेवा.

आणि जे सेटिंग लोक सगळ्यात शेवटी बघतात ते म्हणजे बफर. मिक्सिंग करताना १०२४ ठेवा, २१ मिलिसेकंद मिळतात, त्यात ड्रायव्हरचे लाड सहज पचतात. रेकॉर्ड करतानाच खाली या.

गेमिंग लॅपटॉप आहे, दोन ग्राफिक्स, तिथे?

बायोसमध्ये एनव्हिडिया बंद करायची सोय असेल तर रेकॉर्डिंगसाठी बंद करा, एवढं सरळ दुसरं काही नाही. नसेल तर डेस्कटॉप इंटिग्रेटेडवर ठेवा. एक फसवी गोष्ट म्हणजे बऱ्याच गेमिंग लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट सरळ एनव्हिडियाला जोडलेलं असतं, बाहेरचा मॉनिटर लावला की ते कार्ड जागं होतं आणि जागंच राहतं, मग माणूस म्हणतो घरी टेबलावर एक्सरन येतात आणि बाहेर कुठे येत नाहीत. यूएसबी-सी पोर्टवरून मॉनिटर लावून बघा, काही मॉडेलमध्ये ते इंटिग्रेटेडला जोडलेलं असतं.

कार्ड सारखं झोपतं-उठतं आणि त्यावेळी टक् येतो असं दिसलं तर एनव्हीरेग डायनॅमिक पॉवर मॅनेजमेंट शून्य करून त्याला झोपूच देऊ नका. बॅटरी जास्त खाईल. पण टेस्ट म्हणून तरी कराच, कारण त्याने एक्सरन थांबले तर कारण पक्कं कळतं.

नूवो ड्रायव्हर टाकू का?

फक्त ऑडिओचं मशीन असेल आणि कार्ड जुनं असेल तर टाकून बघायला हरकत नाही. नूवो बाहेरच्या लोकांनी कंपनीच्या मदतीशिवाय, हार्डवेअर चाचपडत लिहिलेला ड्रायव्हर आहे, त्या मेहनतीला मानलं पाहिजे. जीटीएक्स ९०० च्या पिढीपासून कार्ड फक्त सही केलेलं फर्मवेअर घेतात, त्यामुळे ९०० आणि १००० सिरीजवर नूवोला घड्याळ वाढवता येत नाही, कार्ड संथच चालतं. डॉला तेवढं पुरतं. ट्युरिंगपासून पुढे ६.७ कर्नलमध्ये जीएसपी वापरायची सोय आली आणि मेसामध्ये (ओपन ड्रायव्हरांचा वरचा, ग्राफिक्सचा भाग) एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर आला, तिथे वेग बराच सुधारला. कुडा मात्र मिळणार नाही.

विंडो झूम केली किंवा मीटर जास्त उघडले की टक् येतो, पण सायक्लिकटेस्ट एकदम स्वच्छ आहे.

मग कर्नल आणि ड्रायव्हर सोडून द्या, हा डॉचा किंवा प्लगइनचा इंटरफेस आहे. चांगल्या डॉमध्ये चित्रकामाचा थ्रेड वेगळा आणि ऑडिओचा वेगळा असतो आणि एक दुसऱ्यासाठी कधी थांबत नाही. पण प्लगइन लिहिणाऱ्याने दोघांमध्ये साधा लॉक टाकला तर ऑडिओ थ्रेड चित्र पूर्ण व्हायची वाट बघत बसतो, आणि तेव्हा चित्र जितकं हळू तितका एक्सरन जास्त, म्हणून बघणाऱ्याला ते ग्राफिक्स ड्रायव्हरचंच पाप वाटतं. एकेका प्लगइनची खिडकी बंद करून बघा, गुन्हेगार लवकर सापडतो. विंडोजचे प्लगइन वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवत असाल तर संशय आधी तिकडेच घ्या.

वेलँड का एक्स११?

हे दोन डेस्कटॉप स्क्रीनवर दाखवायचे मार्ग, एक्स११ जुना आणि वेलँड नवा. ऑडिओसाठी जो तुमच्या कार्डावर न अडखळता चालतो तो. जुन्या एनव्हिडिया ड्रायव्हरवर एक्स११, ५५५ पासून पुढच्यावर वेलँडही ठीक, कारण त्यात एक्स्प्लिसिट सिंक (चित्र तयार झाल्याचं ड्रायव्हरने स्पष्ट कळवणं) आलं.

ड्रायव्हर टाकल्यापासून डॉला ऑडिओ इंटरफेसच सापडत नाही, भलतंच कार्ड उघडतं.

हा लेटन्सीचा विषय नाहीये पण प्रश्न फार येतो. ग्राफिक्स कार्डात एचडीएमआयच्या आवाजासाठी एक साउंड डिव्हाइस असतं, बूट होताना ते आधी नोंदलं गेलं की कार्ड शून्य तेच बनतं आणि तुमचा इंटरफेस एक किंवा दोन होतो. जॅकमध्ये नंबराने कार्ड देऊ नका, एचडब्ल्यू कोलन आणि पुढे कार्डाचं नाव असं द्या, नाव बदलत नाही. ए-प्ले उणे एल मारलं की नाव दिसतं. एचडीएमआयमधून आवाज कधीच नको असेल तर पाव्हूकंट्रोलमध्ये त्याचं प्रोफाइल ऑफ करून टाका.

फोरमवर जुना सल्ला वाचला, सेटपीसीआयने लेटन्सी टायमर बदला म्हणून.

तो जुन्या पीसीआय स्लॉटच्या काळातला आहे, तेव्हा एकच बस सगळे वाटून घ्यायचे आणि ग्राफिक्स कार्ड बस सोडायचं नाही. पीसीआय एक्सप्रेसमध्ये त्या आकड्याला अर्थ नाही. एमएसआय इंटरप्ट चालू करायचा सल्लाही तसाच, आता ते आपोआप चालू असतं.

किती कमी लेटन्सी खरंच लागते? ६४ साठी एवढा आटापिटा करू का?

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन मिलिसेकंदात एक मीटर. ४८ किलोहर्ट्झ, १२८ फ्रेम आणि दोन पीरियड (एकापाठोपाठ दोन बफर) लावले तर जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद आणि वर इंटरफेसचे स्वतःचे थोडे, म्हणजे स्पीकर तीन मीटरवर ठेवून ऐकल्यासारखं. की-बोर्ड, हार्मोनियमचे सॅम्पल, गिटार, एवढ्यात आरामात वाजवता येतं. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा आला की जास्त टोचतं, कारण तो हाडांतून लगेच ऐकू येत असतो आणि दोन्ही एकत्र झाले की आवाज पोकळ लागतो. पण त्यावर उपाय इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर बटण आहे, तबला-पखवाजासाठीही तेच, माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ हेडफोनला येतो. ते दाबलं की बफर २५६ ठेवलात तरी कोणाला फरक कळत नाही, आणि ड्रायव्हरशी भांडणही संपतं.

नवीन मशीन घेतोय, फक्त ऑडिओसाठी. काय बघू?

इंटेल घेत असाल तर नावाच्या शेवटी एफ नसलेला प्रोसेसर घ्या, एफवाल्यात ग्राफिक्स नसतं आणि मग वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. एएमडीमध्ये रायझन ७००० पासून डेस्कटॉपच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स असतं, डॉला पुरून उरतं. वेगळं कार्ड हवंच असेल तर एएमडीचं, त्याचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे, आरटी कर्नल टाकला तरी वेगळं काही बिल्ड करावं लागत नाही. एनव्हिडिया फक्त कुडा लागत असेल तरच, आणि तेव्हाही मॉनिटरसाठी इंटिग्रेटेड असू दे. कार्डाचे वाचलेले पैसे चांगल्या माइकात घाला.

सगळं छान चाललं होतं, अपडेट झालं आणि परत एक्सरन सुरू.

आधी कर्नल बदलला का ड्रायव्हर ते बघा, बहुतेक वेळा दोन्ही एकदम आलेले असतात. ग्रबमधून जुना कर्नल निवडून बूट करा आणि तीच टेस्ट लावा, मग ड्रायव्हर एक पायरी मागे न्या. बूटच्या ओळीतले तुमचे शब्द उडाले नाहीत ना तेही बघा, प्रोक सीएमडीलाइनमध्ये दिसतं. सिक्युअर बूट चालू असेल तर डीकेएमएसने बनवलेलं नवीन मॉड्यूल सही नसल्यामुळे लोडच झालं नसेल आणि मशीन गुपचूप दुसऱ्या ड्रायव्हरवर चाललं असेल, एलएसमॉडमध्ये खात्री करा.

रेकॉर्डिंगची तारीख ठरली असेल तर त्याआधी डेबियन किंवा उबुंटूवर एपीटी-मार्क होल्डने कर्नल आणि ड्रायव्हर दोन्ही रोखून ठेवा, आर्चवर पॅकमनच्या इग्नोर यादीत टाका. काम संपलं की होल्ड काढायला विसरू नका, सिक्युरिटीचे अपडेट पण त्याच वाटेने येतात. आणि मदत मागताना कर्नलचं व्हर्जन, ड्रायव्हरचं व्हर्जन आणि तो ओपन का क्लोज्ड, बफर, इंटरफेसचं नाव आणि सायक्लिकटेस्टचा मॅक्स हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा.